इतर माहितीचा रकाना

"मी कोणाबद्दल कधी खोटं लिहिलेलं नाही," ओडोन पिंतेर एकदा म्हणाला होता.

म्हणाला होता तो बिअरच्या टपरीवर, नव्वद सालच्या वसंतात. हंगेरीत चाळीस वर्षांनी पहिल्यांदा खरी निवडणूक झाली होती आणि तीत सत्तेतला कम्युनिस्ट पक्ष आडवा झाला होता. रोलिंग मिलमधल्या एकाने त्याला डिवचलं की, काय ओडोन, आता तुझ्यावर अभिप्राय कोण लिहिणार? चारजण हसले. ओडोनने ग्लास खाली ठेवला, वर लिहिलेलं वाक्य सांगितलं आणि टोपी सारखी केली. चौघं आपापल्या ग्लासांकडे वळले. तो सांगत होता ते खरंच होतं.

पोलाद कारखान्यात तो लेथवर होता. सत्तावन्न साली, पंचविशीत, त्याचं अक्षर सुरेख आहे हे कोणाच्या तरी लक्षात आलं आणि त्याला पक्षाच्या खोलीत कोपऱ्यातलं टेबल मिळालं. कोणाला बढती हवी असे, कोणाला घर, कोणाला समुद्र पाहायला युगोस्लाव्हियात जाण्याचा पासपोर्ट, कोणाच्या मुलीला विद्यापीठात प्रवेश. प्रत्येक गोष्टीला कारखान्याचा अभिप्राय लागे. दुसऱ्या खात्यांतले लोक अभिप्राय लिहिताना जुने दावे साधून घेत. मेव्हण्यांची भांडणं, पोरीबाळींवरून झालेले हेवेदावे, सगळं त्या कागदांत उतरे. ओडोनचं तसं नव्हतं. तो दोन ठिकाणी विचारी, तिसऱ्या ठिकाणी पडताळून पाही आणि मग चार-पाच ओळी लिही. ओडोनच्या हातचा कागद असेल तर निदान आहे तेवढंच असेल, असं लोक म्हणत. ही त्याची कमाई होती. बाकी फारसं काही नव्हतं.

अठ्ठावन्न साली त्याने कालमान झोल्दोशवर असाच एक अभिप्राय लिहिला. कालमान क्रेन चालवायचा. ओळी चार होत्या. कामात कुशल. दारू पीत नाही. सहकाऱ्यांत मान आहे. छपन्न साली कामगार मंडळाचा सभासद होता.

चौथी ओळही खरीच होती. रशियनांविरुद्धच्या बंडाच्या त्या दिवसांत अख्ख्या मिलने हात वर करून कालमानला मंडळावर निवडून दिलं होतं. त्या हातांत ओडोनचाही हात होता. पण अभिप्राय कालमानवर मागवलेला होता, ओडोनवर नाही. कालमान क्रेनवरून उतरला तो भट्टीतून निघणाऱ्या धातुमळीच्या ढिगांवर गेला आणि एकवीस वर्षं फावडं मारत तिथेच राहिला. पुढे नव्या वसाहतीत दोघांना घरं मिळाली ती एकाच इमारतीत, चौथ्या मजल्यावर, समोरासमोर. कालमान रोज सकाळी नमस्कार करी. कधी ड्रिल मागे, वेळेवर परत करी. त्या कागदाबद्दल त्याने ब्रसुद्धा काढला नाही. एकोणऐंशीत फुप्फुसांनी तो गेला, तेव्हा शवपेटी जिन्यावरून उतरवणाऱ्या सहाजणांत ओडोन होता. जिना अरुंद. वळणावर पेटी उभी करावी लागली.

समोरच्या घरात मग कालमानची मुलगी राहिली, एमेशे. बालवाडीत शिकवायची.

नव्वदनंतरची चार वर्षं ओडोनला नीटशी आठवतही नाहीत. कारखान्याच्या चिमण्या एकेक करून थंड पडल्या. पक्षाने नाव बदललं, नावातून 'कामगार' हा शब्द गळाला. मोठी इमारत सोडावी लागली आणि पक्ष एका बंद पडलेल्या लाँड्रीच्या जागेत आला. भिंतीला अजून साबणाचा वास होता. बुधवारी अकरा माणसं जमत, हिवाळ्यात नऊ. ओडोन अर्धा तास आधी येऊन गॅसचा हीटर पेटवी आणि खुर्च्या मांडी. त्याची बायको योलान म्हणे की, तुझा तो पक्ष आता तेवढ्याच माणसांचा उरलाय ज्यांच्या घरी हीटर नाही. ओडोन म्हणे, असेल. पण का जातोस असं तिने कधी विचारलं नाही. सदतीस वर्षं जिथे गेलो तिथे न जाण्यासाठीही काही कारण लागतं, आणि ते शोधायचा त्याला कंटाळा होता.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात दारात लोरांट बेंको उभा राहिला. एके काळी तो कारखान्यातल्या युवक संघटनेचा चिटणीस होता, आता फरशा आणि न्हाणीघराच्या टबांचं दुकान चालवत होता. देशात वारं फिरलं होतं. महागाईने पिचलेले लोक जुन्यांना पुन्हा मतं देऊ लागले होते आणि डिसेंबरात नगराध्यक्षाची निवडणूक होती. बेंकोने हात पसरले आणि म्हणाला, "ओडोनकाका!"

पूर्वी तो त्याला कॉम्रेड पिंतेर म्हणत असे. कॉम्रेडचा काका कधी झाला हे ओडोनला कळलं नाही. बेंकोला आता काय म्हणायचं हेही कळलं नाही. 'कॉम्रेड' जिभेवर आलं होतं, 'साहेब' घशातच अडकलं. मग तो नुसतंच "या" म्हणाला. पुढे सबंध प्रचारात त्याने बेंकोला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. काही सांगायचं झालं तर समोर जाऊन उभा राही.

बेंकोबरोबर तिमेआ नावाची मुलगी आली होती. बुडापेस्टला तिने प्रचाराचं शिक्षण घेतलं होतं, शिकवायला परदेशातून माणसं आली होती म्हणे. तिने लाँड्रीच्या काउंटरवर संगणक मांडला आणि सगळ्यांना समजावून दिलं. उमेदवाराला उभं राहायचं तर मतदारांच्या शिफारसचिठ्ठ्या लागतात. चिठ्ठी प्रत्येकाच्या घरी टपालाने येते. तिच्यावर नाव, पत्ता, सही करून मतदाराने ती एकाच उमेदवाराला द्यायची. कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन त्या गोळा करायच्या. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. लोक तिला टकटक चिठ्ठी म्हणत. नवं होतं ते पुढचं. दार उघडलंच आहे तर नुसती चिठ्ठी घेऊन परत यायचं नाही. तिने छापील तक्ते वाटले. नाव, घर क्रमांक, चिठ्ठी दिली की नाही, आपला की डळमळीत की दुसऱ्यांचा, आणि शेवटी इतर माहिती.

"शेवटचा रकाना रिकामा सोडलात तरी चालेल," ती म्हणाली.

ओडोनने जन्मात रकाना रिकामा सोडला नव्हता.

ऑक्टोबरात तो वसाहतीत फिरू लागला. लिफ्ट तीन इमारतींत बंद, एका इमारतीत चालू पण मुताचा वास मारणारी. दारामागून विचारत, कोण आहे? तो म्हणे, पिंतेर, मिलमधला. मग साखळी निघे. आत स्वयंपाकघरात बसवत, छोट्या ग्लासात कॉफी देत, कोणी चरबी घातलेले छोटे खारे पाव पुढे करत. आणि बोलत. कोणाचा मुलगा ऑस्ट्रियात भांडी घासतो, कोणाच्या नवऱ्याला रक्ताच्या गुठळ्या आहेत, कोणाला गेल्या निवडणुकीचा पस्तावा होतोय. एक म्हातारी म्हणाली, तुमच्या वेळी तुमचा राग यायचा पण हीटर तरी चालायचे. दुसऱ्याने चिठ्ठी दिली आणि वर ऐकवलं, "घे रे बाबा, शिव्या द्यायला ओळखीचा माणूस बरा." ओडोन सगळ्यांना मान हलवी. चार वर्षांत त्याला असं कोणी ऐकवलं नव्हतं आणि त्याने कोणाचं ऐकलं नव्हतं. त्याला बरं वाटायला हवं होतं. पण गुडघे दुखत होते, आणि प्रत्येक दारात तोच नमस्कार करताना आपलाच आवाज कुठल्या तरी जुन्या पाइपातून येतोय असं त्याला वाटे.

समोरचं दार त्याने शेवटी ठेवलं. एमेशे प्लमचा मुरंबा आटवत होती. हाताला चिकटलेलं पुसत तिने खुर्ची पुढे ओढली.

"समोरच्या दारातून आलात म्हणजे फार लांबून आलात, काका," ती म्हणाली.

चिठ्ठी तिने फ्रिजवरच्या डब्याखालून काढली, सही केली आणि त्याच्या हातात दिली. मग मुरंब्याकडे पाठ न करता, ढवळता ढवळता म्हणाली, "ही तुम्हाला देतेय हं. योलानकाकूंसाठीही समजा. मत मात्र मी तुमच्या बेंकोला देणार नाही. बाबा होते तोवर मी काही बोलले नाही. आता माझ्या हाताला ते जमायचं नाही."

तोंडावर सांगितलं, याचं ओडोनला बरं वाटलं. त्याने मुरंब्याची चव घेतली, साखर बेताची आहे म्हणाला आणि घरी आला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चष्मा लावून, तक्ता सरळ करून त्याने लिहिलं. चिठ्ठी दिली. मत दुसऱ्यांना. इतर माहिती: वडील कालमान, छपन्न, कामगार मंडळ.

योलान बटाटे सोलत होती. तिच्या पायांना सूज, म्हणून खुर्चीत बसून. तिने मान लांब करून वाचलं.

"हे कशाला?"

"रकाना आहे."

"रकाना आहे म्हणून मेलेल्या माणसाला उठवून बसवायचं?"

"खरं आहे ते."

"खरं आहे," योलान म्हणाली, आणि बटाट्याकडे वळली. ते दोघं पस्तीस वर्षं असेच बोलत आले होते. त्यामुळे त्यानेही पुढे काही विचार केला नाही. आधीच्या दोन घरांच्या ओळी अजून लिहायच्या होत्या.

दोनशे बारा घरं त्याने भरली. तिमेआने ती संगणकात घातली आणि दोन दिवस कोणाशी बोलली नाही, मग आली आणि म्हणाली की असं काम तिने शिबिरातसुद्धा पाहिलं नव्हतं. बुडापेस्टला त्याचा नमुना दाखवला गेला. डळमळीत लिहिलेल्या प्रत्येक घरी बेंको स्वतः जाऊन आला, आणि जाताना त्याला ठाऊक असे की इथे गुठळ्यांचं विचारायचं आणि तिथे ऑस्ट्रियाचं. डिसेंबरात तो निवडून आला. नगरपालिकेत पक्षाचं बहुमत झालं. जुन्या करमणूक केंद्रात शॅम्पेन फुटली, प्लास्टिकच्या पेल्यांत. ओडोनने चांगला सूट घातला होता, आणि तिमेआने अगदी हळुवारपणे त्याला सांगितलं की, काका, फोटोत जरा तरुण चेहरे घेतोय, मग आपण सगळ्यांचा एक काढू. तो कोटांच्या खुंटीजवळ बसला. मग सगळ्यांचा फोटो राहूनच गेला. त्याला वाईट वाटलं नाही. त्याला लवकर घरी जायला मिळालं.

फेब्रुवारीत योलानचे पाय फार सुजले. बाजारहाट एमेशे करून देई, संध्याकाळी येऊन मलम चोळी. बालवाडीची जुनी मुख्याध्यापिका चार वर्षांपूर्वी आजारी पडून गेली, तेव्हापासून एमेशे हंगामी म्हणून सगळं पाहत होती. आता नगरपालिकेने जागा कायमची भरायला काढली. पाच अर्ज आले होते. एमेशे शेहेचाळीसची. ही जागा गेली तर पुन्हा पाच वर्षं कोणाच्या तरी हाताखाली, आणि तोवर बालवाडी उरेल की नाही हेही सांगता येत नव्हतं. आयुष्यात तिने एवढी एकच गोष्ट मागितली होती.

त्या दिवशी ती समितीपुढे जाऊन आली होती. मलम चोळता चोळता सांगत होती. सगळं छान झालं. मुलांच्या जेवणाचं विचारलं, खेळण्यांचं विचारलं. शेवटी एकाने हसत हसत विचारलं, तुमच्या वडिलांचं छपन्नमध्ये काहीतरी होतं ना?

"मी म्हटलं, होतं. आता तर त्याचा मान करतात. तर म्हणे, हो हो, मानच. आणि काहीतरी लिहून घेतलं." तिने मलमाच्या डबीचं झाकण लावलं. "पण त्यांना कसं कळलं? तो माणूस तर तिशीतला, गावातलाही नाही."

योलानने ओडोनकडे पाहिलं. ओडोन खिडकीकडे पाहत होता. खिडकीत समोरच्या इमारतीच्या खिडक्या होत्या.

एमेशे गेल्यावर योलानने सुजलेले पाय स्टुलावर ठेवले. मग म्हणाली, "उद्या सकाळी जा. तिचं तेवढं निस्तरून ये. एका घरातल्या दोघांचं वाटोळं करू नकोस, ओडोन."

सकाळी तो नगरपालिकेत गेला. बाकावर पाऊण तास बसला. समोरून जाणाऱ्यांतले निम्मे लोक त्याच्या ओळखीचे होते. कोणाचा अभिप्राय त्याने लिहिला होता, कोणाच्या बापाचा. त्यांनी नमस्कार केले. चौकशा केल्या नाहीत.

बेंकोने उठून त्याला आत घेतलं, कॉफी मागवली. कोपऱ्यातल्या टेबलावर तिमेआ होती, आता संगणक मोठा होता. बेंको म्हणाला, "काका, तुम्ही काही मागायला येणाऱ्यातले नाही. म्हणून मीच विचारतो. काय हवं?"

ओडोनने सांगितलं. एवढं सलग तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. बाई चांगली आहे, चार वर्षं बालवाडी तिनेच पेलली आहे, मुलं तिच्या अंगाखांद्यावर असतात, आईबाप तिचं ऐकतात. उद्याच्या सभेत तिचं नाव यावं.

बेंकोने सगळं ऐकून घेतलं. मग तिमेआला खूण केली. छापणारं यंत्र करकरलं आणि तिने एक कागद आणून ठेवला. त्यावर एकच ओळ होती. झोल्दोश एमेशे. चिठ्ठी दिली. मत दुसऱ्यांना. वडील कालमान, छपन्न, कामगार मंडळ. हाताने लिहिलेलं असताना ते त्याला आपलं वाटलं होतं. छापून आल्यावर ते कुठल्या तरी खात्याचं दिसत होतं.

"मला छपन्नचं काही नाही," बेंको म्हणाला. "बंडाच्या स्मृतिदिनी मी स्वतः स्मारकावर हार घालतो. पण बघा, पुढच्या वर्षी दोन बालवाड्या एक कराव्या लागणार. पालक माझ्या दारात येऊन ओरडणार. तेव्हा तिथे बसलेली बाई माझ्या बाजूने बोलणारी हवी. ही वाईट नाही. पण आपली नाही. हे मी म्हणत नाही, काका, तुम्ही म्हणताय."

ओडोनने टोपी गुडघ्यावर ठेवली. त्याला एकदम फार थकल्यासारखं झालं. वळणावर उभी केलेली ती पेटी अजून आपल्याच खांद्यावर असावी, तसं. तो म्हणाला, "चुकलं माझं. ती आपली आहे. मत तिने तुम्हालाच दिलं. मला सांगितलंय तिने."

तिमेआने कागदावरून नजर उचलून त्याच्याकडे पाहिलं. त्याला आपले कान तापल्याचं जाणवलं. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ते असे तापतील असं त्याला वाटलं नव्हतं.

बेंको हसला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. तो खुर्ची जवळ घेऊन बसला.

"काका, माझी जुनी फाइल मी नव्वदमध्ये मागून घेतली. त्र्याऐंशी साली तुम्ही माझ्यावर काय लिहिलं होतं, आठवतं? हुशार आहे. पुढे जाईल. शब्द दिला तर दुसऱ्याकडून खात्री करून घ्यावी." त्याने साखर ढवळली. "त्या एका ओळीने माझी दोन वर्षं खाल्ली. वाचल्यावर रात्र रात्र चिडायचो. पण घरी बायकोला म्हणालो, यात खोटं काही नाही. म्हणून तर तुमच्या हातची यादी आली की मी डोळे मिटून चालतो. आणि आज तुम्ही शेजाऱ्यासाठी इथवर आलात, ते मला आवडलं. खरंच आवडलं. पण तुमचा चेहरा मला वाचता येतो हो."

"मग मी यात काय करू?" तिमेआने विचारलं. तिच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. "ओळ बदलू? एक चुकली म्हटलं तर बाकीच्या दोनशे अकरांचं काय समजायचं?"

"काही बदलू नकोस," बेंको म्हणाला. मग ओडोनच्या खांद्यावर हात ठेवून त्याने सांगितलं की मे महिन्यात जुन्या सभासदांचा सत्कार आहे, ओडोनकाका पहिल्या रांगेत बसणार, या वेळी फोटोसुद्धा निघणार. आणि वसंतात पलीकडची वसाहत करायची आहे, सहाशे घरं. तिथे तरुण पोरांना दार उघडत नाहीत. त्याने टेबलाच्या कडेवरचा कोऱ्या तक्त्यांचा गठ्ठा ओडोनपुढे सरकवला.

ओडोनने गठ्ठा हातात घेतला. कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या, जशा तो नेहमी करी. मग तो पुन्हा टेबलाच्या कडेवर, होता तिथे ठेवला. कॉफी तशीच राहिली होती. तिमेआ काहीतरी विचारत होती, बसचा हिवाळ्याचा पास अजून चालतो का असं काहीतरी. तो उठला, टोपी घातली आणि बाहेर पडला.